मोठ्या सिस्टर आणि लाल चौकट

मोठ्या सिस्टर उंचीने काही मोठ्या नव्हत्या. वरच्या फळीवरचा कापूस काढायलाही त्यांना स्टूल लागायचं. पण एकाच दवाखान्यात केस पांढरे केलेले, त्यामुळे डॉक्टरसुद्धा त्यांच्यापुढे सांभाळून बोलायचे.

गुडघेवाले, म्हणजे हाडांचे डॉक्टर तेवढे वेगळे. माणूस सोन्यासारखा, हाताला गुण, पण घाई अशी की जणू मागे कुत्रं लागलंय. दवाखान्यात नवा कॉम्प्युटर आला होता. दुखण्याची गोळी लिहिली की पडद्यावर लाल चौकट उघडायची, जपून द्या म्हणून. बेत चांगला, पण ती ऊठसूट उघडायची. सत्तरीच्या आजोबांना चोळायचं मलम लिहिलं, तरी विचारायची, दिवस गेलेत का? गुडघेवाले माशी हाकलावी तशी ती न वाचताच मिटवायचे. सोमवारी सगळ्या डॉक्टरांनी मिळून कॉम्प्युटरवाल्याला बजावलं, शनिवारी ही कटकट बंद कर.

सिस्टरांना आपली धाकटी जाऊ आठवली. ती अशाच दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊन मरता मरता वाचली होती. रक्त पातळ व्हायची गोळी ती आधीपासून घेते, हे लिहिणाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

दोन दिवस सिस्टर गुडघेवाल्यांच्या मागे उभ्या राहून कामाच्या चौकटी कुठल्या नि बिनकामाच्या कुठल्या, ते वहीत टिपत राहिल्या. मग वही घेऊन कॉम्प्युटरवाल्याकडे गेल्या. "या कॉम्प्युटरला कमी बोलायला शिकव," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाई दिवसभर बोलायच्या, कुणी कान द्यायचं नाही. सासरे वर्षातून दोनदा बोलायचे, तेव्हा घर चळाचळा कापायचं."

तो पोट धरून हसला. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना विचारून त्याने तीनच चौकटी ठेवल्या: रक्त पातळ करणारी गोळी, अधू किडनी, आणि एकच औषध दोन नावांनी दोनदा.

शुक्रवारी खांदा धरून सुतारकाका आले. औषध काही चालू आहे का, असं सिस्टरांनी विचारल्यावर छे म्हणाले. सिस्टरांनी त्यांना पिशवी टेबलावर पालथी करायला लावली. टेप निघाली, पेन्सिलीचे तुकडे निघाले, दोन चष्मे निघाले आणि एक गोळ्यांची पट्टी. सिस्टरांनी नाव वाचलं नि मुकाट्याने कॉम्प्युटरात घातलं.

गुडघेवाल्यांनी जोरकस गोळी लिहिली. लाल चौकट उघडली. सवयीने त्यांचं बोट ती मिटवायला निघालं. सिस्टरांच्या जिभेला कंड सुटली होती, पण त्यांनी ती दाताखाली धरली. बोट अधांतरी थांबलं. सकाळपासून एकही चौकट आली नव्हती, मग ही का, असं डॉक्टरांना वाटलं असावं. त्यांनी वाचलं.

"काका, रक्त पातळ व्हायची गोळी घेता? बोलला नाहीत ते?"

"तुम्ही औषध विचारलंत," काका म्हणाले. "ही तर रोजची आहे."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, लिहिलेलं खोडलं आणि तापावर देतात ती साधी गोळी, गरम पाण्याचा शेक नि थोडा व्यायाम सांगितला. एवढ्या लांबून येऊन शेकच घ्यायचा तर घरी काय वाईट होतं, असं पुटपुटत काका पिशवी भरू लागले.

शनिवारी उरलेल्या चौकटीही बंद करायला कॉम्प्युटरवाला आला, त्याला गुडघेवाल्यांनी दारातूनच परत पाठवलं. सिस्टरांचं कौतुक मात्र तोंडातून निघालं नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हे. पण त्या दिवसापासून पेशंट खुर्चीत टेकला रे टेकला की ते स्वतःच म्हणायचे, "औषधाचं राहू द्या, रोजची कुठली घेता ते सांगा."