जीप दारात आली की

जुनी का होईना, जीप घेतली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. नव्वदचं दशक सरत आलेलं. वसमतच्या बाजाराला हळदीची पोती न्यायला म्हणून ती घेतली, पण पहिल्याच रविवारी आई म्हणाली, "मला पुसेगावला भैनीकडं ने."

"काहून? लग्न हाय का कुणाचं?"

"लग्न न्हाई, मयत न्हाई. एकदा तरी उगंच जाऊ दे ना रे मला!"

खरंच होतं तिचं. दोघी बहिणी भेटायच्या त्या मांडवात, नाहीतर मयतीला, आणि तेही परतीच्या यष्टीकडं एक डोळा ठेवून. म्हटलं, चला!

काय सांगू, पुढच्या सीटवर बसल्यापासून आईच्या अंगात वारं भरलं. वाट वाकडी करून सिद्धेश्वरचं धरण पाहिलं. मासे धरणाऱ्यांना हिनं विचारलं, "थंडी वाजत न्हाई का रे बाबांनो?" पुढं मेंढरं आडवी आली, मी हॉर्न दिला, तर मलाच झापलं. उतरली, मेंढक्याच्या बायकोच्या चुलीपाशी शेळीच्या दुधाचा चहा प्याली आणि तिच्या माहेरची पार कुंडली काढून आली. कोण चटणीत कारळं घालतं अन् कोण जवस, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं.

मावशी अंगणात तुरी पाखडत होती. तिनं जीप पाहिली, जीपमध्ये बहीण पाहिली, हातातलं सूप टाकलं आणि हंबरडाच फोडला, "अगं माझ्या भैने, कोण गेलं गं!"

आता आमच्याकडं सांगावा न धाडता जीप दारात आली म्हणजे कुणीतरी गेलंच, दुसरं काय? पण तो हंबरडा ऐकून आईला वाटलं, इथलंच कुणी गेलं. तिनं उडी टाकली, बहिणीच्या गळ्यात पडली आणि वरचा सूर लावला. गल्लीतल्या बाया धावत आल्या आणि त्याही रडू लागल्या. रीतच तशी, आधी रडायचं, मग विचारायचं. मीसुद्धा रुमाल काढला! एवढ्यात मावशीचे मालक धोतर सावरत पळत आले. त्यांना धडधाकट पाहून आई चक्रावली.

"अगं, मग गेलं कोण?"

"तूच सांग की! सांगायला तूच आलीस ना?"

"मी उगंच आले बाई. तुला भेटायला."

मग जे हसू फुटलं म्हणता! बाया पोट धरधरून हसल्या, एक तर भिंतीला टेकूनच बसली. मावशी मात्र पदर तोंडाला लावून पुन्हा पुन्हा विचारत होती, "भेटायला? मला एकलीला?" डोळ्यांचं पाणी काही थांबेना तिचं. मला फार बरं वाटलं.

चहा झाला तरी बाया हलेनात. मघाशी सगळ्यांत मोठ्यानं रडलेली एक म्हातारी जीपभोवती फिरली आणि कुणाला न विचारता मागच्या सीटवर चढून बसली.

"चल लेकरा," ती मला म्हणाली, "माझी भैन पलीकडच्याच गावात हाय. जिती हाय तवर ने."