अण्णाला घेऊन बेटावर गेले तेव्हा

अण्णाच्या डोळ्यांचं मला कळलं ते वैनीकडून. आम्ही बहीण-भाऊ बनशंकरीत एकाच गल्लीत राहतो, तरी त्यानं स्वतः मला काही सांगितलं नव्हतं. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडेचं जातं, नळीतून पाहावं तसं फक्त समोरचं उरतं, आणि शेवटी तेही जातं, असा आजार. औषध नाही. दोन डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं.

गाडी चालवणं त्यानं सोडलं होतं. "दिवसा मला सगळं दिसतं गं, रात्रीचं स्वल्प कठीण जातं, इतकंच," असं तो म्हणायचा. आम्हाला ते खरं मानायचं होतं, म्हणून आम्ही मानलं.

डिसेंबरात एका रविवारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सायकलनं कुठंतरी जाऊ या. तू आणि मी. जमतंय तोवर."

सायकल मला त्यानंच शिकवली होती. मला नाही म्हणता आलं नाही. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं माहेर मंड्याचं. तिच्या घरी माझी गाडी ठेवायची, तिथून कालव्याकाठच्या रस्त्यानं पंचवीस किलोमीटर सायकल, आणि कावेरीतल्या एका लहानशा बेटावर, वाळूत, तंबू ठोकून एक मुक्काम. हिवाळ्यात तिथं गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं, असं तिच्या वडिलांनी सांगितलं होतं.

"तो नारिंगी शर्ट घाल," निघताना अण्णा मला म्हणाला. मला वाटलं, लॉरीवाल्यांना आम्ही लांबून दिसावं म्हणून. मी पुढं, तो मागं. दोन्ही बाजूंना ऊस, ऊन कोवळं, रस्ता रिकामा. तो मधूनच ओरडायचा, "बोलत राहा!" मी ऑफिसातले किस्से सांगत पेडल मारत होते. बऱ्याच महिन्यांनी त्याचं हसणं ऐकत होते.

एका गावाबाहेर लोकांनी रस्त्यावर हुलग्याचं पीक पसरलं होतं. गाड्या वरून गेल्या की आपोआप मळणी होते. कडेला एक म्हातारी झाडू घेऊन बसली होती. मी तिला वळसा घालून पुढं गेले, आणि मागं धाड्कन आवाज झाला.

अण्णा तिच्या अंगावरच गेला होता. शेवटच्या क्षणी काहीतरी कळून त्यानं हँडल वळवलं, चाक हुलग्यावरून सरकलं आणि तो आडवा झाला. म्हातारीच्या खांद्याला सायकल घासली होती. ती उठून त्याच्यावर कानडीत ओरडायला लागली, "कण्णु काणल्वा निंगे?" डोळ्यांना दिसत नाही का तुला?

अण्णा रस्त्यावर बसूनच म्हणाला, "काणल्ला, अम्मा." नाही दिसत.

तो थट्टा करतोय असं वाटून ती आणखी चिडली. तिनं झाडू उगारला. तो झाडू अण्णाच्या कानापासून वीतभर अंतरावर होता आणि अण्णाची पापणी हलली नाही. ते तिनं पाहिलं, मीही पाहिलं. तिनं झाडू खाली टाकला. त्याच्या कोपराचं रक्त स्वतःच्या पदरानं पुसलं, आणि मला म्हणाली, याला रस्त्यावर कशाला आणलंस?

मी अण्णाची सायकल उभी केली.

पुढचे पाच-सहा किलोमीटर आम्ही सायकली ढकलत चालत गेलो. परत फिरू या असं मी दोनदा म्हणाले. "आलोय ना, बघू तरी," एवढंच तो म्हणाला. पाण्यातून जाताना त्यानं माझ्या सायकलच्या कॅरियरला धरलं होतं.

बेट सुंदर होतं. पांढरी वाळू, बांबू, पाणी अगदी संथ. मी तंबू ठोकला. तो हातांनी दोऱ्या चाचपत मदत करत होता. मग आम्ही वाळूत बसलो.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मावळला का गं सूर्य?"

सूर्य पाण्याच्या वर चांगला हातभर होता.

"कधीपासून, अण्णा?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून. तुझा शर्ट दिसत होता. बाकी सगळं करडं."

"आणि ऑफिसला कसा जातोस?"

"रस्ता पाठ आहे."

मी माझीही तपासणी करून घेतली होती. हा आजार भावंडांना असू शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. मला तो नव्हता. ते त्याला सांगायला मी तीन महिने घाबरत होते, तिथं सांगून टाकलं.

"बरं झालं," तो म्हणाला. खरंच मनापासून म्हणाला. पण मग बराच वेळ तो वाळू मुठीत घेत आणि सोडत बसला, आणि मला वाटलं, आता तो एकटा पडला.

सकाळी मी फोन केल्यावर मैत्रिणीच्या वडिलांनी मालाची रिक्षा पाठवली. सायकली तिच्यात टाकल्या आणि आम्ही मंड्याला परतलो. घरी पोचल्यावर वैनीनं विचारलं, "कसं झालं?" मला वाटलं, तो 'मस्त' म्हणेल. त्यानं तिला आत नेलं आणि सगळं सांगितलं.

त्यामुळे काही सोपं झालं असं नाही. ऑफिसनं त्याला दुसरं काम दिलं, म्हणजे काहीच काम दिलं नाही. वैनी त्याच्यासमोर रडत नाही, माझ्याकडे येऊन रडते. दर सहा महिन्यांनी मी त्याला डॉक्टरांकडे नेते. ते बाजूनं बोट हळूहळू समोर आणतात, आणि दिसलं की त्यानं सांगायचं. परवा मी शेजारी बसून ते बोट बघत होते. ते कानापाशी होतं, मग गालापाशी, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, आता म्हण, आता तरी म्हण.

बोट नाकासमोर आलं तेव्हा अण्णा म्हणाला, "हां. आता."