भट्टी उठायची वाट

सोलापूरहून सांगोल्याची एसटी धरली तेव्हा मी लहान मुलासारखा हरखलो होतो. तीस वर्षं शाळेत अणूचं विज्ञान शिकवलं ते सगळं फळ्यावर. आता सांगोल्याअलीकडच्या माळावर संशोधन केंद्र उभं राहत होतं आणि माझाच जुना विद्यार्थी नितीन तिथे अभियंता होता.

कंडक्टरने एक थांबा आधीच उतरवलं. ज्वारी निघालेली भेगाळ रानं, डोक्यावर ऊन, सावलीला झाड नाही. पाय भाजत, स्वतःवरच चिडत फाटकाशी पोहोचलो.

नितीनने सगळं हिंडून दाखवलं. इकडे अणुभट्टीचं काम, पलीकडे संलयनाची (हलके अणू जोडून ऊर्जा काढण्याची) प्रयोगशाळा. "सूर्यात चालतं ते इथं करायचंय, सर. आणि भट्टी एकदा पेटली की साठ वर्षं चालेल!" माझी छाती फुगली.

परतीची एसटी येईना. कुंपणाच्या तारेबाहेर एक सत्तरी ओलांडलेल्या बाई मेंढरं चारत होत्या. नाव भामाबाई. त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे केली.

"खावा की, पावणं. आतनं आलात व्हय? भट्टी कवा उठणार हाय?"

मला अर्थबोध होईना. बोलता बोलता उलगडा झाला. जमीन घेताना साहेबांनी भट्टी येणार म्हणून सांगितलं होतं. भामाबाईंना माहीत होती ती वीटभट्टी. माती संपली की चार-पाच वर्षांत उठते, रान मोकळं होतं. त्या भरवशावर त्यांनी अंगठा दिला होता.

"मालकास्नी (नवऱ्याला) तितंच, तारंच्या आत पुरलंय. शेजारची जागा माजी. पोरास्नी सांगून ठिवलंय, मला तितंच ठिवा."

खोटं बोलावंसं फार वाटलं. "मावशी, ही विटांची भट्टी नाही. साठ वर्षं चालायची आहे."

त्या तारेपलीकडे बघत राहिल्या. मेंढरं पांगली तरी हाक मारली नाही.

"साट वर्सं," त्या म्हणाल्या. "मंग तवर मला मरून कसं चालंल?"

एसटी आली आणि मी चढलो. घरी शेजारी जमले तेव्हा संलयन समजावून सांगितलं, सगळे थक्क झाले. केंद्राचा मला अभिमान वाटतो, आणि वाटतो याचाच राग येतो. भट्टी विझल्यावरही किरणोत्सर्गामुळे ती जागा परत मिळायची नाही, हे मी भामाबाईंना सांगितलं नाही.