गेरू लावलेली दांडी

गोंदिया जिल्ह्यात माझ्याशी भाव करून जिंकलेला माणूस एकच आहे, आणि दुर्दैवानं तो माझ्या बायकोचा मामा आहे. मी हमालीपासून सुरुवात केली. आज बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं, माझं स्वतःचं गोदाम आहे, आणि राइस मिलवाले शेठ माझा आवाज ऐकला की आधी चहा सांगतात, कारण सौदा लांबणार हे त्यांना ठाऊक असतं. पण सालेकसाला राहणारे हे मामाजी, जे आधी दिवाण-पलंग बनवायचे आणि आता गिटार बनवतात, त्यांच्यापुढे माझी सगळी विद्या फुकट गेली. किंमत कमी करा म्हटलं की ते शांतपणे विचारत, ‘‘करतो जी. कोनती तार काढू?’’

मामाजींना लाकूड वाजवायची सवय आहे. माणूस भेटला की आपण रामराम करतो. ते त्याच्या खुर्चीला करतात. बोट वाकवून टकटक करायचं, कान लावायचा आणि बहुतेक वेळा नापसंतीनं मान हलवायची. देवरीला एका पाहुण्यांच्या घरी भर दुपारी ते अर्धा तास दार वाजवत उभे होते. घरमालक झोपेतून उठून आला तर उलट हेच वैतागले. ‘‘तुमी झोपा जी, मी दाराशी बोलून राहिलो.’’ शेवटी त्याला नवं दार बसवून देऊन ते जुनं उचलून आणलंच. पावसाळ्यात धानाची रोवणी लागली की यांचं काम बंद. हवेतलं पाणी लाकूड पितं म्हणे. मग शिवणीच्या लाकडाच्या फळ्या चुलीच्या वर टांगल्या जातात आणि मामी येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत बसतात की या घरात जेवण शिजते का लाकूड. माझ्या लग्नात तर मी ज्या पाटावर उभा होतो त्याच्याजवळ हे खाली वाकले, आणि लोकांना वाटलं पाया पडताहेत. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, तिच्यासोबत जावयाच्याही. मीही हात जोडून उभा. तर खालून आवाज आला, टक टक टक.

असा हा माणूस. तरी मी त्यांच्याकडे गेलो, कारण दुसरा इलाज नव्हता. वीस वर्षं मी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. मग एका मिलमध्ये बारदाना मोजून घेताना डावा हात यंत्राच्या चालत्या पट्ट्यात गेला. हात वाचला, पण करंगळीशेजारचं बोट वाकडं झालं ते झालंच. बाजारातल्या गिटारीची मुठीत धरायची दांडी त्या बोटाला जाड पडायची, तार दाबली की नुसती खरखर. नागपूरपर्यंतची दुकानं पालथी घातली. शेवटी घरात कोणी गाणं लावलं तरी मी उठून बाहेर जायला लागलो, तेव्हा बायकोच म्हणाली, मामाजींकडे जा.

मामाजी दारातच पाया पडले, सुतळीनं हात मोजला आणि दांडी केली. जमली नाही. दुसरी केली, तीही नाही. तिसरी हातात घेतली आणि मी सांगितलं, छान आहे, तर त्यांनी ती काढून घेऊन पलंगाच्या पायाशी फेकली. त्यानंतर त्यांचं डोकंच फिरलं. दर खेपेला आधी वाकून पाया पडायचं आणि मग उभं राहून अपमान करायचा. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले की माझ्या बारदान्यात धान कमी आणि हवा जास्त राहते. म्हणाले, हा जवाई भाव करतो पण पैसे देताना याचा हात कापतो. ज्या जावयाला सासरी पानाचा विडासुद्धा दोन्ही हातांनी देतात, त्याला हे ऐकावं लागत होतं. वर ओल्या गेरूनं माखलेली एक दांडी नेहमी त्यांच्या हातात, नेमकी माझ्या नाकासमोर नाचवत. मी चिडून ती हिसकावून घ्यायचो, आणि माझे सदरे लाल व्हायचे. तीन पांढरे सदरे गेले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, ‘‘तुमच्या ऑर्केस्ट्रावाले सांगून राहिले होते, तुमी गेल्यापासून गाना जमते म्हणून.’’ मी ती दांडी अशी आवळली की मोडायचीच बाकी होती. जे तोंडात आलं ते बोललो, दांडी त्यांच्या अंगावर फेकली आणि स्टेशन गाठलं. दोन महिने त्या घराचं नाव काढलं नाही.

मग मामी स्वतः गोंदियाला आल्या, पॅसेंजरनं, मांडीवर गिटार घेऊन. मी तोंड फिरवून बसलो होतो. त्या म्हणाल्या, ‘‘शांत असले का तुमी ते बोट लपवता, जवाईबापू. यायले माप भेटत नव्हता. राग आला का तुमाले बोटाची लाज राहत नाही.’’ गेरूत उमटलेल्या माझ्या बोटांवरून मामाजींनी दांडी कोरली होती. एका बाजूला जरा जास्त खोलगट, नेमकी तिथं जिथं ते बोट बसतं. मी तार दाबली. खरखर नाही. सूर आला, पूर्ण, स्वच्छ. मी उठून आतल्या खोलीत गेलो, कारण बायको आणि मामी दोघी बघत होत्या.

दुसऱ्याच दिवशी सालेकसाला गेलो. बाकी सगळं माफ, पण ऑर्केस्ट्राचं ते वाक्य मला टोचत होतं. तेही मापासाठीच होतं ना, असं विचारलं. मामाजींनी रंधा थांबवला. ‘‘नाही जी. तेवढं खरं होतं.’’

आता मी दुपारी गोदामात, पोत्यांच्या थप्पीवर बसून वाजवतो. ऐकायला हमाल असतात, आणि त्यांना उठून जायची सोय नसते. मामाजी मात्र बदलले. मी गेलो की खुर्ची पुसून देतात, चहा सांगतात, धंद्याची चौकशी करतात, इतर कोणाही जावयाशी बोलावं तसं बोलतात. परवा मी मुद्दाम गेलो, पूर्वीसारखे दोन अपमान ऐकायला मिळतील म्हणून, आणि आवाज चढवून म्हटलं की दांडी जाड झाली, फसवलंत तुम्ही मला. त्यांनी चष्मा पुसला, माझा डावा हात आपल्या हातात घेतला, वाकडं बोट हळूच वरखाली करून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘दांडी बरोबर आहे जी. आता काही करायचं राहिलं नाही.’’

घरून आणलेला राग तसाच घेऊन मी गोंदियाच्या गाडीत बसलो.