समुद्रापार गेलेला माठ

या पृथ्वीच्या पाठीवर माणसांनी जेवढे म्हणून सण शोधून काढले, ते सगळे आपल्याच घरचे आहेत आणि आपल्याला बोलावणं धाडायचं राहून गेलं ते केवळ नजरचुकीनं, अशी माझ्या मामीची ठाम समजूत आहे. बोलावणं आलं नाही म्हणून रुसून बसणारी माणसं वेगळी. मामी पदर खोचते आणि जाते. बुऱ्हाणपुरात शनवारा वेशीजवळ तिचं घर, आणि त्या रस्त्यावरून सगळ्या जातिधर्मांच्या मिरवणुका जातात. त्यामुळे तिला वर्षभर फुरसत अशी नसतेच. एकदा ती कोथिंबीर आणायला म्हणून खाली उतरली आणि समोरून एक वरात आली. मामी नाचणाऱ्या बायकांत शिरली, नवरदेवाच्या आईला तिनं हाताला धरून मधोमध आणलं, आणि पार मंडपापर्यंत जाऊन, जेवून, आहेराचा रुमाल घेऊन घरी आली. "कोणाकडचं लग्न होतं?" असं मामांनी विचारलं, तर म्हणाली, "ते विचारायचंच राहिलं. पण माणसं चांगली होती. कढी मात्र पातळ." कोथिंबीर अर्थातच राहिली होती. गुरुद्वाऱ्यात लंगर असला की ही पोळपाटापाशी बसलेली, आणि शेजारच्या सरदारणीला रोटीच्या कडा कशा पातळ ठेवायच्या ते शिकवत असलेली. मामा कापडाचे व्यापारी होते. मुळात शांत, आणि लग्नानंतर आणखीच शांत झालेले. ते आम्हाला दबक्या आवाजात सांगायचे, "हिला कुणाच्या मयतीला एकटीला पाठवू नका. घरच्यांच्या आधी हीच रडायला लागते, मग घरचे हिचीच समजूत काढत बसतात."

सण नुसता पाहायचा असतो, ही कल्पना मामीला मुळीच मान्य नाही. आमच्याकडे किल्ला पाहायला बाहेरगावची माणसं येतात, अधूनमधून परदेशीही येतात, आणि बिचारी मावा जिलेबीच्या दुकानासमोर उभी राहून काळ्याभोर जिलेबीचे फोटो काढत बसतात. तिथं मामी दिसली की त्यांचं प्रवासवर्णन तिथून पुढे बदलतं. "फोटो से पेट भरेगा क्या?" असं म्हणून ती आधी त्यांना जिलेबी खायला लावते. एकदा ऐन गणपतीत असं एक गोरं जोडपं तिच्या हाती लागलं. घरी नेऊन तिनं त्यांना पाटावर बसवलं, पुरुषाच्या हातात झांज दिली आणि बाईला नारळ खवायला बसवलं. तो साडेसहा फुटी माणूस आमच्या आरतीत भलत्याच ठिकाणी झांज वाजवत होता आणि मामी प्रत्येक वेळी त्याचं मनगट धरून त्याला थांबवत होती. निघताना त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मायेचं होतं की खवणीनं बोटं सोलली होती त्याचं, हे मला अजून कळलेलं नाही. मी म्हणालो, "मामी, अगं ते सुट्टीवर आलेत. त्यांना कशाला कामाला लावतेस?" तर म्हणाली, "सुट्टी घेऊन आलेत म्हणूनच. आपापल्या घरी राबतातच ना ते रोज? मग दुसऱ्याच्या सणात जरा राबले तर गावाची ओळख होते. पाहून काय होतं?"

अशा या बाईला आम्ही एक दिवस पाहायला बसवलं.

मामा गेले. त्यानंतर जे व्हायचं ते आमच्याही घरात झालं, आणि कुणी काही वाईट बोलल्याशिवाय झालं. पुतणीच्या हळदीला मामी नेहमीप्रमाणे पदर खोचून वाटीकडे गेली, तेव्हा नात्यातल्या एका बाईनं अगदी गोड आवाजात म्हटलं, "तुम्ही बसा ना आता काकू, थकल्या असाल." दुसरीनं लगबगीनं खुर्ची आणली. मामी थकलेली नव्हती. त्या मंडपात सगळ्यात कमी थकलेली तीच होती. ती वाटीकडे बघत क्षणभर उभी राहिली आणि मग जाऊन त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. मी तिला मंडपात बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हात मांडीवर ठेवून ती सगळं बघत होती, हसतही होती, आणि मला मात्र तिकडे पाहवत नव्हतं. पुढे मग सगळीकडे तसंच झालं. बोलावणी यायची, खुर्चीही मिळायची.

वर्षभरानं एका सकाळी तिनं मला घरी बोलावलं आणि मोबाइल नाकासमोर धरला. ग्रीसमधल्या कॉर्फू नावाच्या बेटाचा व्हिडिओ होता. ईस्टरच्या आदल्या दिवशी तिथले लोक घराच्या गॅलऱ्यांमधून पाण्यानं भरलेले मोठमोठे मातीचे माठ खाली रस्त्यावर फेकतात. माठ फुटतो, लोक टाळ्या वाजवतात, बँड वाजतो, आणि खापरीचा तुकडा शुभ म्हणून घरी नेतात. गॅलऱ्यांना लाल कापडं लावलेली. "जुनं वाईट ते फुटून जातं म्हणे," मामी म्हणाली. "मला तिथं जायचंय."

"पाहायला?" मी विचारलं.

"पाहायला नाही," मामी म्हणाली. "फोडायला."

इंदूरला एका सहल कंपनीच्या ऑफिसात आम्ही गेलो. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांची त्यांची एक सहल होती. तिथला टाय लावलेला तरुण फार नम्र होता. "आंटीजी, ये आइलैंड पॅकेज में नहीं है. उस दिन ग्रुप अथेन्स में रहेगा. आप टीवी पे देख लेना." देख लेना हे शब्द त्यानं वापरायला नको होते. मामीनं पिशवीतून डबा काढला, त्याच्याच टेबलावर उघडला आणि धपाटे खायला सुरुवात केली. जेवण झाल्यावर तिनं स्वेटर विणायला घेतला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती प्रेमानं विचारी, "आप को जहाँ जाना है वहाँ ले जाते हैं क्या ये लोग? मुझे तो नहीं ले जा रहे." संध्याकाळपर्यंत त्या तरुणानं टाय सैल केला आणि दोन दिवस गटापासून वेगळं होऊन आम्हाला कॉर्फूला जाता येईल, अशी सोय करून दिली. 'आम्हाला' म्हणजे मामीला आणि मला. माझी बायको म्हणाली, "जा तुम्ही. त्या एकट्या गेल्या तर तिथल्या सरकारनं कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

मामीनं बरोबर डबाभर दराब्याची मिठाई घेतली, निंबोल्याच्या माहेरच्या केळीचे वेफर्स घेतले, आणि कुंभाराकडून आणलेला एक लहान माठ घेतला. माठ तिनं दोन साड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवला. विमानतळावरच्या तपासनिसानं यंत्रात तो गोल पाहिला आणि बॅग उघडायला लावली.

"इसमें क्या है, माताजी?"

"मटका."

"मटका क्यों ले जा रही हैं?"

"फोडने को."

तपासनिसानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी माठाला आतून-बाहेरून हात लावून त्यानं तो परत दिला, आणि मामीनं त्याला वेफर्सची पुडी दिली.

इटलीत एका छोट्या गावात आमचा मुक्काम होता. तिथं संध्याकाळी कुठल्याशा संताची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली होती. आमचा गट फुटपाथवर उभा राहून फोटो काढत होता. मी वळून बघतो तो मामी पुढच्या दांडीखाली खांदा लावून चाललेली. काळ्या कोटातले ते सगळे भारदस्त इटालियन पुरुष आधी गडबडले, मग त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं सरकून तिला जागा दिली. मामीची उंची कमी, त्यामुळे दांडी तिच्या खांद्यापासून वीतभर वरच होती, पण घाम तिलाच सगळ्यांत जास्त आला. "पालखी ती पालखी," परत आल्यावर ती म्हणाली. "चपला मात्र घालून चालतात. त्यांना सांगायला पाहिजे कोणीतरी." सहलीच्या मॅनेजरनं मला बाजूला घेऊन हात जोडले.

कॉर्फूला पोचलो तर शहर माणसांनी ठासून भरलेलं. जगभरचे सुट्टीवर आलेले लोक खाली चौकात, आणि माठ वर, गॅलऱ्यांत. म्हणजे फोडणारे घरचे आणि आम्ही बघे. एका पोलिसानं मामीला दोरीच्या अलीकडे, सुरक्षित जागी उभं केलं, आणि कुणीतरी भल्या मनानं तिला बसायला एक खुर्ची दिली. प्लास्टिकची.

मामीनं त्या खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "चल," ती म्हणाली.

त्या रस्त्यावरच्या सगळ्या गॅलऱ्या लाल कापडांनी सजल्या होत्या. एकाच घराच्या खिडक्या बंद होत्या. मामी त्याच दारापाशी गेली आणि कडी वाजवायला लागली. "मामी, बंद आहे ते," मी म्हणालो. "बंद आहे म्हणजे आत कोणीतरी बसलंय," ती म्हणाली आणि वाजवतच राहिली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. दारात मामीच्याच वयाची, डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातलेली एक बाई. तिच्यामागे भिंतीवर एका म्हाताऱ्याचा फोटो होता आणि खाली दिवा होता. आम्हा दोघांनाही काय ते कळलं. मी माघारी वळलो. मामी वळली नाही. तिनं त्या फोटोकडे पाहून नमस्कार केला, मग स्वतःच्या मोकळ्या कपाळाला बोट लावून दाखवलं आणि मराठीत म्हणाली, "माझेपण गेले बाई." त्या बाईला मराठी येत नव्हतं, याचं दोघींपैकी एकीलाही काही वाटलं नाही. तिनं मामीचा हात धरून तिला आत घेतलं. "तू खालीच थांब रे," मामी जिन्यावरून ओरडली आणि दार लागलं.

मी खाली उभा राहून घाम पुसत होतो. चर्चच्या घंटा वाजायला लागल्या आणि आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून धडाधड माठ कोसळायला लागले. पाणी, खापऱ्या, टाळ्या. एवढ्यात त्या बंद घराची गॅलरी उघडली. आधी मामी बाहेर आली, आमसुली साडीत, पदर खोचलेला. मग तिनं त्या काळ्या कपड्यांतल्या बाईला हाताला धरून बाहेर आणलं आणि आपला बुऱ्हाणपुरी माठ तिच्या हातात दिला. ती बाई मान हलवत होती. नाही, नाही. यंदा नाही. मामी काहीतरी बोलत होती. गोंगाटात मला एक शब्दही ऐकू आला नाही, पण तिच्या हातवाऱ्यांवरून कळत होतं की ती विनंती करत नव्हती. रस्त्यातली माणसं एकेक करून वर बघायला लागली. समोरच्या गॅलरीतल्या शेजाऱ्यांनी त्या बाईला हाक मारली. मग तिनं माठ डोक्यावर उचलला आणि सगळ्या ताकदीनं खाली टाकला. आमच्या तापीकाठची ती माती भर रस्त्यात फुटली आणि खालून असा काही जल्लोष उठला की बँडवाले वाजवायचे थांबले. ती बाई कठड्याला धरून रडत होती. नंतर ती आत गेली आणि स्वयंपाकघरातला वापरातला, कान तुटलेला पाण्याचा मातीचा बुधला घेऊन आली. तो तिनं मामीच्या हातात दिला. मामीनं तो फोडला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. नुसता आवाज ऐकला.

परत आल्यावरची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. जैनाबादला नात्यातच हळद होती. मामी मंडपात गेली, तिच्यासाठी खुर्ची आणणाऱ्या मुलीला म्हणाली, "ठेव तिथंच, तुझ्या आजीला लागेल," आणि थेट वाटीपाशी गेली. नवरीच्या गालाला तिनं हळद लावली. गाणी मध्येच थांबली. मग नवरीच म्हणाली, "मामी, हातालापण लावा ना," आणि बायकांची गाणी पुन्हा सुरू झाली. त्या दिवसापासून तिला कोणी थकलेली समजत नाही.

कॉर्फूच्या बाईची मुलगी अधूनमधून व्हिडिओ कॉल लावून द्यायची. दोघी तासभर बोलायच्या, एक मराठीत, एक ग्रीकमध्ये. फोन ठेवल्यावर मामी आम्हाला त्यांच्याकडच्या सगळ्या बातम्या सांगायची. गुडघे दुखतात, ऑलिव्ह यंदा कमी आलेत, सुनेचं आणि तिचं पटत नाही. मी विचारायचो, "तुला हे कळलं कसं?" तर म्हणायची, "तोंडावर दिसतं की."

हिवाळ्यात एकदा फोन आला तर पडद्यावर मुलगी एकटीच होती. ती काही बोलायच्या आधीच मामीनं डोळ्यांना पदर लावला.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही मामीकडे जेवायला गेलो होतो. आमच्याकडे त्या दिवशी घरच्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज, आंबा आणि सांजोरी ठेवतात. मामांची घागर मांडलेली होती. तिच्या शेजारी आणखी एक होती. गुरुजींनी मामीकडे पाहिलं.

"ही कोणाची?"

"माझ्या मैत्रिणीची."

"गोत्र?"

"माहीत नाही."

गुरुजी वयस्कर होते आणि मामीला चांगले ओळखून होते. त्यांनी थोडा विचार केला. "गोत्र ठाऊक नसेल त्याचं काश्यप धरतात. चालेल. नाव सांगा."

"एलेफ्थेरिया," मामी म्हणाली. इतके दिवस आम्ही सगळे 'ती बाई' म्हणत होतो. तिला नाव आहे हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

"एलफ..." गुरुजी अडखळले. "नुसतं 'मैत्रीण' म्हटलं तरी पोचतं हो."

"नाही," मामी म्हणाली. "पुन्हा म्हणा."

गुरुजींनी पुन्हा म्हटलं. चुकलं. मामीनं तोडून तोडून सांगितलं, लहान मुलाला शिकवावं तसं. बाहेर ऊन रणरणत होतं, आतल्या खोलीत आमरस झाकून ठेवला होता, पण जेवायची घाई कुणीच केली नाही. अखेर गुरुजींच्या तोंडून ते नाव सबंध उमटलं. मामीनं डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, "हं. आता सोडा पाणी."