शालन आत्यानं कठड्यावर स्वतःचं नाव लिहिलं

शालन आत्याला कुणी सोशिक म्हणू नका.

आज पहाटे ती गेली आणि नऊ वाजेपर्यंत फॅमिली ग्रुपवर 'शांत, सोशिक शिक्षिका' सुरू झालं. मायाळू होती, मान्य. सोशिक अजिबात नव्हती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. गाव कवठे महांकाळकडचं, कोरडं. घरी मेंढरं.

गावात शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल शेजारच्या गावात, तासभराची पायवाट. त्या काळी आमच्या गावातून तीनच पोरी जायच्या. आत्या, तिची मैत्रीण मंगल आणि त्यांच्याहून धाकटी कुसुम.

आत्या नववीत असताना ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर कुणीतरी कोळशानं मंगलचं नाव लिहिलं. शेजारी एका पोराचं.

झालं. संध्याकाळी देवळापुढं माणसं बसली. ठरलं काय, तर उद्यापासून पोरींचं हायस्कूल बंद.

पोरांचं चालू.

आजोबांना जेवायला बोलवायचं निमित्त करून आत्या तिथं गेली. त्या बैठकीत बायका बोलत नसत. तिनं विचारलं, लिवलं कुणी? कुणीतरी म्हणालं, पोरांचा चावटपणा, सोडून दे.

"मग ज्यानं लिवलं त्येची शाळा बंद करा की. आमी काय केलंय?"

आजोबांनी तिला दंडाला धरून घरी आणलं आणि मारलं. हे ती कधी लपवायची नाही.

सकाळी आजोबा रानात गेल्यावर आजीनं गुपचूप भाकरी बांधून तिच्या हातात दिली.

आत्यानं चुलीतला एक कोळसा घेतला. पुलावर थांबून मंगलच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण. बापाच्या नावासकट. पुढं 'इयत्ता नववी'.

आणि शाळेत गेली. एकटी.

गावात बोंबाबोंब. आजोबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मेंढरं त्याच वाटेनं काढली आणि शाळेच्या फाटकापर्यंत तिच्या मागं चालत राहिले.

पुढच्या आठवड्यात कुसुम परत आली.

मंगल आली नाही. तिचं लग्न लावून टाकलं होतं.

आत्या डी.एड. झाली. पलूसकडं झेडपीच्या शाळेत रिटायर होईपर्यंत शिकवलं. एखादी पोरगी चार दिवस दिसली नाही की ही तिच्या दारात. "आवं, पोरीला धाडताय का मी हितंच बसू?" आणि खरंच बसायची.

रिटायरमेंटच्या कार्यक्रमात एक साहेब म्हणाले, मॅडम भाग्यवान, त्या काळात वडिलांनी शिकू दिलं.

आत्यानं माईक घेतला.

"मला कुणी शिकू दिलं न्हाई. मी शिकले. आणि मंगल माझ्यापेक्षा हुशार होती, गणितात कायम पहिली. तिला थांबवलं, त्येचा हिशोब कुणाकडं मागायचा?"

आत्या शांतपणे खाली येऊन बसली.

अंत्यविधी आज संध्याकाळी पाच वाजता, गावातच. अग्नी तिची लेक देणार आहे.

बायकांनी स्मशानात यायचं नसतं असं कुणी सांगेल. सांगू दे.

या सगळ्याजणी.

जा आत्या. आम्ही आहोत इथं.