ही खिडकी बंद करू नका

दीदी आधी कोडची एक ओळ निवडायच्या, मग कंट्रोल आणि एंटर एकदम दाबायच्या आणि म्हणायच्या, "एवढीच चालू दे. बाकीच्या राहू दे."

रायपुरातल्या तेलीबांध्याच्या आमच्या ऑफिसात त्यांची खुर्ची माझ्या शेजारी. भनपुरीच्या गोदामातून सुटणाऱ्या ट्रकांचा रोजचा मार्ग ठरवणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला होता. तुम्ही कोड लिहीत नसाल तर इतकंच सांगतो: निवडलेली ओळ चालवली की मशीन तिचं उत्तर लक्षात ठेवतं. पुढे ती ओळ पुसली तरी उत्तर राहतं, स्क्रीनवरची प्रोग्रामची खिडकी बंद होईपर्यंत. घाईघाईत अशा किती ओळी चालवून पुसल्या, हे दीदींनाही आठवत नव्हतं. म्हणून स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी होती: ही खिडकी बंद करू नका.

नवऱ्याची रेल्वेतली बदली नागपूरला झाली, मुलगीही तिकडे गेली. दीदी रायपुरातच. रजा मागितली की मालक हसून म्हणायचे, "दीदी, मशीन अटक गई तो?" ते अटकायचंही. मग दीदी नागपूरच्या वाटेवर दुर्गलाच गाडीतून उतरून परत यायच्या.

जेवणाच्या सुट्टीत पोट्टीचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, फोन यायचा. "मम्मी, कब आओगी?"

"या शनिवारी, हव."

एका दुपारी पोट्टीने ते विचारलंच नाही. शाळेचं सांगितलं, डब्यातल्या भाजीचं सांगितलं, फोन ठेवला. दीदी स्क्रीनकडे वळल्या. मग त्यांनी खिडकी बंद केली.

"दीदी, हे काय करून राहिल्या?" मी विचारलं.

"मले माहीत आहे."

पुन्हा उघडून त्यांनी सगळा कोड पहिल्या ओळीपासून चालवला. लगेच स्क्रीनवर चूक दाखवणारी लाल अक्षरं. मालक मागे येऊन उभे राहिले, ट्रकवाल्यांचे फोन सुरू झाले. दीदी मान वर न करता हरवलेली एकेक ओळ आठवून लिहीत होत्या.  दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोड वरपासून खालपर्यंत न अडखळता गेला. त्यांनी तो पुन्हा बंद केला, उघडला, चालवला. मग मला म्हणाल्या, "आता कोणीही चालवेल. तू चालव."

मालक खूश झाले. "अब दूसरे गोदाम का भी बना दो, दीदी."

दीदींनी पर्स उचलली. "नहीं भैया. मैं घर जा रही हूँ."

पुढे एका शंकेसाठी मी त्यांना फोन केला. "पोट्टीच्या शाळेपाशी उभी आहे," त्या म्हणाल्या. "सुटायला वेळ आहे, पण घरी बसवत नाही." माझं सांगून व्हायच्या आत मागे घंटा वाजली. फोन त्यांच्या हातात तसाच राहिला असावा. पोरांचा गलका ऐकू आला, मग त्यांनी पोट्टीला मोठ्याने मारलेली हाक. शंका तशीच ठेवून मी फोन बंद केला.